ठिबकचा वॉल्व्ह तोंडपाठ, गॅसचा सापडत नाही

निफाडला भूकंप कधी होणार, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कुणी छातीठोक तारीख सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. 1893 या संहितेच्या 2002 आणि 2016 च्या आवृत्त्यांत नाशिकचं नाव तिसऱ्या झोनमध्ये छापलेलं आहे. मुंबई आणि पुणंही त्याच झोनमध्ये. तिसरा म्हणजे मध्यम धोक्याचा, आणि मध्यम म्हटलं की आपण पांघरूण ओढून पुन्हा झोपतो.

लातूर-उस्मानाबादचा पट्टा 1993 पर्यंत याच नकाशात सगळ्यांत खालच्या, पहिल्या झोनमध्ये होता. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि हजारो माणसं दगडमातीखाली गेली. तो पहिला झोन पुढे नकाशातून काढूनच टाकला. माणसं जायची ती आधीच गेली होती.

आपल्याजवळचं बघायचं तर कळवण तालुक्यात दळवटच्या बाजूला लोकांनी धक्के आणि जमिनीतले आवाज वर्षानुवर्षं अनुभवलेत. पेठ-सुरगाण्यालाही ते नवीन नाहीत. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' संस्थेत भूकंपमापक बसलेला आहे, आणि त्याला रिकामं बसायला मिळत नाही. 23 नोव्हेंबर 2022 ला पहाटे चारच्या सुमाराला 3.6 तीव्रतेचा धक्का नोंदला गेला, नाशिकच्या पश्चिमेला 89 किलोमीटरवर. पालघरमध्ये डहाणू-तलासरीचा पट्टा तर नोव्हेंबर 2018 पासून पुन्हा पुन्हा हलतो आहे. ही सगळी गावं निफाडपासून लांब आहेत, हे कबूल. किल्लारीपासूनही सगळं लांबच होतं.

या आठवड्यात मला भिंतींबद्दल बोलायचं नाही. घराचा पाया आणि भिंत एका दिवसात कुणाला बदलता येत नाही. ओट्याखालची गॅसची नळी मात्र आज संध्याकाळपर्यंत बदलता येते. तरीही ती बदलली जात नाही, आणि माझा राग त्याच्यावर आहे.

किल्लारीचा भूकंप पहाटे झाला. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही पहाटेचाच. दोन्ही वेळी गाव झोपलेलं होतं, आणि खेड्यातल्या घरात मुख्यतः चूल असायची, तीही विझलेली. म्हणून भूकंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडलेली माळवदं येतात, आग येत नाही. महाराष्ट्राने भूकंपानंतरची मोठी आग बघितलेली नाही आणि म्हणून तिची भीतीही आपल्याला नाही.

जपानने ती बघितली. 1 सप्टेंबर 1923, टोकियो आणि योकोहामा, वेळ दुपारी 11 वाजून 58 मिनिटं. घरोघर जेवण शिजत होतं. चुली आणि शेगड्या पेटलेल्या होत्या, घरं लाकडाची होती आणि वारं सुटलेलं होतं. लाखावर माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक आगीने गेली. तोच भूकंप रात्री दोनला झाला असता तर आकडा वेगळा दिसला असता, असं म्हणायला पूर्ण जागा आहे.

आता आपल्याकडे या. किल्लारीनंतर घराघरातलं स्वयंपाकघर बदलून गेलं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि वस्तीवरच्या, मळ्यातल्या घरातही लाल टाकी पोचली. ते चांगलंच झालं. धुराने डोळे गेलेल्या बायका या तालुक्याने पुष्कळ बघितल्यात, पुन्हा चुलीकडे जा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण आज प्रत्येक घरात निदान एक, आणि कित्येक घरांत दोन टाक्या उभ्या आहेत, ही गोष्ट 1993 मध्ये नव्हती. हिंगोली जिल्ह्यात 10 जुलै 2024 ला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला तो सकाळी सव्वासातला. सकाळी सव्वासातला महाराष्ट्रातल्या घरात काय चाललेलं असतं? एका बर्नरवर चहा, दुसऱ्यावर डब्याची भाजी. तो धक्का लहान होता. वेळ मात्र नेमकी होती.

आणि निफाडची पहाट तर आणखी वेगळी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा थंडीत राज्याच्या बातम्यांत येतो. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, रात्रीची लाइट असेल तर माणसं पाणी द्यायला उठतात, आणि घरात चार वाजताच चहाचं आधण चढतं. पाचला बाथरूममधला गॅस गीझर भडभडायला लागतो. किल्लारी आणि कोयनेची जी वेळ झोपेची होती, ती हंगामात निफाडची आगीजवळ बसायची वेळ आहे.

तो गीझर बघा एकदा. बहुतेक घरांत तो दोन स्क्रूवर टांगलेला असतो. खाली किंवा दाराबाहेरच्या बोळात टाकी, तिथून वर चढवलेली नळी, आणि ती नळी कुठल्या साली घातली ते घरात कुणालाच आठवत नाही. भिंत जोरात हलली की तो सुटून खाली येणार आणि येताना नळी उपसून आणणार. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावला तर न हलताही जीव घेतो, कार्बन मोनॉक्साइडने. तो धोका वेगळा, पण दोन्हींचा उपाय एकाच दिवशी होण्यासारखा आहे. गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर घ्या, चार जागी पक्का बोल्ट करा आणि हाताला सहज लागेल अशा जागी त्याचा वेगळा वॉल्व्ह ठेवा.

आता स्वयंपाकघर. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकामं लोखंड साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे भरलेली टाकी तीसेक किलोची. आत खाली पातळ गॅस, वर वाफ. रेग्युलेटर ती वाफ घेतो, तिचा दाब उतरवतो आणि शेगडीला देतो. टाकी उभी आहे तोवर हे गणित बरोबर चालतं. ती आडवी झाली की पातळ गॅस तोंडाशी येतो, आणि एक लिटर पातळ गॅसचा हवेत सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. रेग्युलेटरचं काम वाफेवर चालायचं, पातळ गॅसवर नाही.

आणि टाकी आपण कशावर ठेवतो? चाकांच्या ट्रॉलीवर. सरकवायला सोपी म्हणून घेतलेली ती ट्रॉली भूकंपात स्वतःहून सरकणार, आणि नळी ताणली जाणार. ट्रॉली आजच काढा, हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये. टाकी सपाट फरशीवर उभी करा. भिंतीत हुक ठोका आणि टाकीच्या दोन तृतीयांश उंचीवर साखळी किंवा जाड पट्टा आवळा. रेग्युलेटरला हात पोचला पाहिजे आणि टाकी बदलताना पट्टा सुटला पाहिजे, एवढं बघा. हुक आणि साखळी बाजारपेठेतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. भरलेली दुसरी टाकी असेल तर तिलाही तेच, आणि तिच्या तोंडावरची दोरीवाली टोपी लावलेलीच ठेवा. ती टोपी हरवलेली घरं फार आहेत. माळ्यावर टाकी चढवू नका. माळ्यावरून पडलेली टाकी खाली कुणाच्या डोक्यात येईल हे बघायला कुणी शिल्लक राहायला हवं.

नळीचं तर सांगावं तेवढं थोडं. कडाप्प्याच्या ओट्याला मिस्त्रीने एक भोक पाडलेलं असतं आणि त्यातून नळी वर घेतलेली असते. त्या भोकाच्या कडेला नळी रोज घासते. धक्का बसला की शेगडी एकीकडे आणि टाकी दुसरीकडे जाणार, मधे तो दगड करवतीसारखा. त्या भोकाला आतून रबराची कडी घाला किंवा नळी ओट्याच्या बाहेरून घ्या. नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली, आय. एस. आय. शिक्क्याची 'सुरक्षा' नळी हवी, दीड मीटरच्या आत. तिचं वय पाच वर्षं, आणि ते तिच्यावरच छापलेलं असतं. जुनी हिरवी रबरी नळी अजून वापरात असेल तर वाचणं थांबवा आणि एजन्सीला फोन करा. नवी नळी शे-दोनशे रुपयांत येते.

मी इथे आपल्या तालुक्याला थेट विचारतो. आपण द्राक्षबागायतदार आहोत. सँड फिल्टर, व्हेंच्युरी, मेन, सबमेन, लॅटरल, कोणत्या प्लॉटचा वॉल्व्ह कुठल्या बांधाला आहे, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. प्रेशर गेजचा काटा जरा खाली आला की माणूस पळतो. लॅटरलला भोक पडलं तर त्याच दिवशी जॉइनर बसतो. हंगाम संपला की लाइन फ्लश होते, ॲसिड सोडलं जातं. फवारणीच्या ब्लोअरची नळी फुगलेली दिसली तर ती पुढच्या फवारणीपर्यंत थांबत नाही. मग घरातली ती सव्वा-दीड मीटरची नळी, जिच्या एका टोकाला आग असते आणि दुसऱ्या टोकाला चौदा किलो इंधन, तिच्यावरची तारीख शेवटची कोणी वाचली? दादा, तुम्ही वाचली का? तुमच्या घरात रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे बघितल्याशिवाय सांगता येईल का?

बहुतेक घरांत हे फक्त एकाच व्यक्तीला सांगता येतं, आणि ती वहिनी किंवा आई असते. धक्का बसेल त्या वेळी ती देवळात, बागेत किंवा लासलगावच्या बाजारात असली तर? तेव्हा घरात आजोबा आणि शाळेतलं पोर असेल. पाचवीतल्या मुलाला मोबाइलमधलं सगळं कळतं. त्याला रेग्युलेटर बंद करायला पाच मिनिटांत शिकवता येतं. आजोबांचे हात थरथरत असतील तर नॉब त्यांच्याकडून फिरतो का ते बघा. फिरत नसेल तर रेग्युलेटर बदलून घ्या.

नळीच्या आजूबाजूला काय आहे तेही बघायला हवं. शेगडीच्या वर भिंतीला मांडणी, तिच्यावर पितळी डबे, स्टीलची पिंपं, कधी वरच्या फळीवर पाटा-वरवंटा. हे सगळं खाली येणार ते थेट शेगडीवर नाहीतर रेग्युलेटरवर. जड वस्तू खाली घ्या, मांडणीच्या कडेला आडवी पट्टी मारा, मांडणी भिंतीला पक्की करा.

आणि देव्हारा. आपल्याकडे तो बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खाली, आणि समोर समई नाहीतर अखंड नंदादीप. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा फरशीवरून पसरतो, मोरीत उतरतो, जुन्या वाड्यात तळघर किंवा बळद असेल तर तिथे साठून राहतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगी पुरते. खाली ठेवलेली समई नेमकी त्याच्या वाटेवर. मी कुणाच्या पूजेवर बोलत नाही. दिवा उंच कोनाड्यात किंवा टाकीपासून दूरच्या खोलीत लावा, देव रागावणार नाही. हाच विचार खिडकीचाही. टाकीचा गॅस असेल तर खालच्या बाजूला जाळीदार वाट हवी. मॉड्युलर किचनच्या घट्ट बंद कपाटात टाकी कोंडणारे लोक आणि तसं करून देणारे कंत्राटदार, दोघांनाही हे माहीत असायला हवं.

प्रत्यक्ष धक्का बसला तर? शेगडीपाशीच उभे असाल आणि नॉब हाताला लागत असेल तर फिरवा. लागत नसेल तर सोडा. ओट्यापासून लांब व्हा, कारण वर उकळतं दूध आहे, कढईत तेल आहे. मजबूत टेबलाखाली डोकं झाका. जपानमध्ये पूर्वी शिकवायचे की हादरा बसला की आधी आग विझवा. पेटत्या शेगडीकडे धावताना लोक भाजायला लागले, तेव्हा आता तिथे आधी जीव आणि मग आग असं शिकवतात. धावणंही वाईटच. पालघरला 1 फेब्रुवारी 2019 च्या 4.1 च्या धक्क्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली, घाबरून पळताना पडून.

हादरे थांबले की पहिलं काम रेग्युलेटरचं. भिंत उभी आहे, सगळं ठीक आहे असं वाटलं तरी. बंद करा, टाकीवरून काढा, टोपी लावा. दारं-खिडक्या उघडा. वास येत असेल तर लाइटचं कुठलंच बटण दाबू नका, चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद. फ्रिजची ठिणगीही पुरते, म्हणून शक्य असेल तर मीटरजवळचा बाहेरचा मेन स्विच पाडा. काडी ओढून गळती शोधणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो. त्याचा हात धरा. साबणाचा फेस जोडांवर लावला की गळती बुडबुड्याने दिसते, आणि तो कुणाचा जीव घेत नाही. एजन्सीला कळवा, नाहीतर 1906 लावा. हा गॅसगळतीचा देशभरचा नंबर आहे आणि चोवीस तास चालतो.

योगायोग असा की 1906 हेच सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाचं वर्ष. 18 एप्रिलला पहाटे शहर हललं आणि पुढचे तीन-चार दिवस ते जळत राहिलं. गॅसच्या नळ्या तुटलेल्या होत्या आणि पाण्याच्याही, त्यामुळे बंबवाल्यांच्या हाती कोरडे पाइप. अठ्ठावीस हजारांच्या आसपास इमारती गेल्या. शहरातली एक मोठी आग एका बाईने भूकंपानंतर न्याहारीसाठी चूल पेटवली तिथून सुरू झाली. धुराडं आतून तडकलं होतं, ते तिने बघितलं नव्हतं. नंतर प्रशासनाने घरात चूल पेटवायलाच बंदी घातली आणि माणसं रस्त्यावर विटा मांडून शिजवायला लागली. आपल्या शेगडीला धुराडं नाही, पण चूक तीच व्हायची. धक्का ओसरला, सगळे घाबरलेत, जरा चहा टाकते. त्या चहाआधी नळी बघायची.

दुसरा धडा जपानच्या कोबे शहराचा, 17 जानेवारी 1995. पहाटेचा भूकंप, मग आगी. त्यांतल्या काही आगी धक्क्याच्या वेळी लागल्याच नाहीत. वीज गेली होती, ती काही तासांनी परत आली, आणि पडलेल्या हीटरने, तुटलेल्या वायरीने गॅसला किंवा कपड्यांना पेट दिला. इथे महावितरणची लाइट गेली की आपण सगळी बटणं तशीच ठेवून बसतो. भूकंपानंतर घर सोडताना मेन स्विच पाडून जायचा, हे त्या शहराने फार महाग शिकून ठेवलंय. त्याच कोबे परिसरात सुमारे 8 लाख 60 हजार ग्राहकांचा नळाचा गॅस बंद करावा लागला, आणि तो पुरता सुरू व्हायला जवळपास तीन महिने गेले.

नळाचा गॅस म्हटल्यावर आपल्या पुढ्यातला प्रश्न येतो. 2018 पासून नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत शहर गॅस पुरवायचं काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे. नाशिक शहरात नळ पोचलेत, पुढे ओझर-पिंपळगावच्या बाजूला इमारती उभ्या राहतायत. ज्यांच्या घरात आज नळ नाही त्यांनीही आत्ताच हे समजून घ्यावं, कारण फरशी बसल्यावर काही बदलत नाही. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो, म्हणून त्याची वाट वर हवी. त्याचा मुख्य वॉल्व्ह घराबाहेर, हाताला येईल असा हवा. दांडी पाइपाच्या रेषेत असली की गॅस चालू, आडवी केली की बंद. बंद केल्यावर आपल्याच हाताने पुन्हा उघडायचा नाही, कंपनीच्या माणसाने तपासूनच.

टाकी बाल्कनीत ठेवून भिंतीतून तांब्याची नळी आत आणायची पद्धत आता बंगल्यांमध्येही आलीय. तिचे जोड टाइल्सच्या मागे गाडू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि भूकंपाशिवायही भिंतींना तडे देते. भिंतीत घट्ट चिणलेली नळी त्या तड्याबरोबर ओढली जाते. भिंतीतून जाताना तिला मोठ्या पाइपचं आवरण द्या, आणि दोन्ही टोकांना लवचीक तुकडा. बिल्डरने नकाशात वॉल्व्ह कुठे दाखवलाय ते फ्लॅट घेताना विचारा. पार्किंग आणि लिफ्ट विचारतो ना आपण?

जपानच्या घराघरातला गॅस मीटर जोराचा हादरा बसला की आपोआप गॅस तोडतो. कॅलिफोर्नियात तोटीला एक वॉल्व्ह बसवतात, ज्यात धातूची गोळी बसकणीवर ठेवलेली असते. जमीन हलली की ती घरंगळून खाली पडते आणि वाट बंद होते. त्याला वीज लागत नाही. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत एकाच जागी सगळ्यांच्या टाक्या ठेवून, म्हणजे गॅस बँकेतून, पाइपाने गॅस देत असाल, तर असा वॉल्व्ह आज बसवणं परवडतं. तो खर्च टाळणारा बिल्डर मला मान्य नाही.

सगळ्यांत जास्त काळजी मला मजुरांच्या खोल्यांची वाटते. हंगामात पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून कुटुंबंच्या कुटुंबं आपल्या बागांवर येतात. शेडमध्ये, पत्र्याच्या खोलीत राहतात. त्यांच्याकडे पाच किलोची छोटी टाकी, आणि तिच्या डोक्यावरच बसवलेला बर्नर. टाकी, आग आणि त्यावर भाताचं पातेलं, सगळं एकावर एक. हादरा बसला तर ती पेटतीच आडवी होणार. शेजारी द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे, पलीकडे कांदा चाळीचं वाळकं लाकूड आणि बांबू, बाजूला कडबा. पत्र्याची खोली पडून फार माणसं मरत नाहीत. जळून मरतील. त्यांतल्या कित्येक टाक्या अधिकृत नसतात, आणि कुठूनतरी भरून आणलेल्या असतात. ज्याच्या बागेत ती माणसं काम करतात त्याने त्यांना आय. एस. आय. शिक्क्याची टाकी, वेगळी शेगडी, चांगली नळी आणि पुठ्ठ्यापासून दूर जागा द्यावी. हे उपकार नाहीत. त्यांच्याच गावांत जमीन हललेली आहे, त्यांना भूकंप म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नाशिक इथून चाळीसेक किलोमीटर. मोठी मदत तिकडून निघाली तरी पोचेपर्यंत पहिला अर्धा तास आपलाच असणार, आणि जिल्हाभर धक्का बसला असेल तर बंब निफाडकडे आधी वळेल याची खात्री कोण देणार? म्हणून गॅस एजन्सीने टाकी दारात देणाऱ्या पोराला नळीची तारीख बघायला सांगावं, आणि ठरावीक वर्षांनी होणारी घरची तपासणी कागदावर न करता ओट्याखाली वाकून करावी. नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी एका ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शाळांनी मुलांकडून एक गृहपाठ करून घ्यावा, घरच्या नळीवरची तारीख वहीत लिहून आणायचा. शासनाचा आदेश येण्याची वाट बघायची गरज नाही.

हे वाचून झालं की ओट्याखाली बघा. नळीवरची तारीख वाचा, ट्रॉली काढा, टाकी बांधा. मग घरातल्या प्रत्येकाकडून, आजोबांपासून धाकट्यापर्यंत, एकेकदा रेग्युलेटर बंद करून घ्या. शेजारच्या घरात एकटी राहणारी आजी असेल तर तिचीही नळी बघून या.